हरलेल्या शहराची शर्यत : सिएनाचा पालिओ

आजच्या धाग्याचा विषय जेमतेम दीड मिनिट चालतो. इटलीच्या तोस्काना प्रांतातील सिएना या शहरात, ऐन मध्यभागी असलेल्या चौकात, दहा घोडे तीन फेऱ्या धावतात. एकाही घोड्यावर खोगीर नसते. अंतर सुमारे एक किलोमीटर. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दोन दिवशी ही शर्यत होते. तिचे नाव ‘पालिओ’.

पर्यटकांसाठीच्या पुस्तिका हिचे वर्णन ‘मध्ययुगीन शर्यत’ असे करतात. मिरवणुकीतील चिलखते, नगारे आणि निशाणे पाहिली की ते पटतेही. पण हे वर्णन अर्धेच खरे आहे. चौक मध्ययुगीन आहे, अभिमान मध्ययुगीन आहे. शर्यत मात्र आजच्या रूपात जन्मली ती सिएनाचे स्वातंत्र्य गेल्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. त्या शंभर वर्षांत काय घडले हे कळल्याशिवाय पालिओ कळत नाही.

आधी चौक पाहू. ‘पियाझ्झा देल काम्पो’ हे त्याचे नाव. आकार शिंपल्यासारखा, कडेकडून मध्याकडे उतरत जाणारा. विटांची फरसबंदी १३४९ साली पूर्ण झाली आणि पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी तिचे नऊ भाग पाडले. हे नऊ भाग म्हणजे १२८७ ते १३५५ या काळात सिएनावर राज्य करणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची खूण. राजा नाही, सरंजामदार नाही. ठरावीक मुदतीसाठी निवडलेले नऊ नागरिक, बहुतेक व्यापारी आणि सावकार. उताराच्या तळाशी त्यांचा नगरप्रासाद आणि त्याला लागून आकाशात घुसणारा ‘तोर्रे देल मान्जा’ हा घंटामनोरा. प्रासादाच्या आत, त्या नऊ जणांच्या दालनात, आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये सुशासन आणि दुःशासन यांची भित्तिचित्रे रंगवली. राज्यकर्त्यांनी बैठकीला बसावे आणि समोरच्या भिंतीवर आपल्या कारभाराची दोन्ही फळे पाहावीत, अशी ती योजना.

त्या काळचे सिएना हे लहानसहान गाव नव्हते. युरोपच्या सावकारीत त्याचे नाव होते आणि शेजारच्या फ्लोरेन्सशी त्याचे हाडवैर होते. ४ सप्टेंबर १२६० रोजी मोंतापेर्तीच्या रणांगणावर सिएनाने फ्लोरेन्सच्या फौजेचा धुव्वा उडवला. लढाईपूर्वी नागरिकांनी आपले शहर माता मेरीला अर्पण केले, अशी आठवण हे शहर आजही जपते. मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण १५ ऑगस्टला येतो. ऑगस्टच्या शर्यतीची तारीख त्याला लागूनच का, हे त्यावरून कळेल.

या सणाला मध्ययुगातही घोडे धावत. पण ती शर्यत निराळी होती. शहराच्या रस्त्यांतून सरळ पळत जाऊन कॅथेड्रलपाशी संपणारी. घोडे उमरावांचे, मान उमरावांचा. बक्षीस म्हणून मौल्यवान वस्त्र दिले जाई. लॅटिनमधील ‘पाल्लियुम’, म्हणजे वस्त्र, यावरून ‘पालिओ’ हा शब्द आला. सामान्य माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून पाही, एवढेच.

मग उतार सुरू झाला. १३३९ मध्ये सिएनाने आपले कॅथेड्रल प्रचंड वाढवायला घेतले. १३४८ च्या प्लेगने शहर झोडपले आणि ते काम कायमचे थांबले. अर्धवट भिंती आजही तशाच उभ्या आहेत. तरीही प्रजासत्ताक पुढे दोनशे वर्षे तगून राहिले.

सोळाव्या शतकात सम्राट पाचव्या चार्ल्सने शहरात स्पॅनिश शिबंदी बसवली आणि नागरिकांच्याच उरावर किल्ला बांधायला घेतला. १५५२ च्या जुलैमध्ये लोक उठले आणि त्यांनी शिबंदी हाकलून दिली. फ्रान्स सिएनाच्या मदतीला आला. सम्राटाच्या बाजूने फ्लोरेन्सचा ड्यूक कोसिमो मेदिची उतरला. तीनशे वर्षांचे वैर संपवण्याची अशी संधी तो सोडणार नव्हता. १५५४ मध्ये वेढा पडला. फ्रेंचांच्या वतीने बचावाची सूत्रे ब्लेज द मोंलुक या सेनानीकडे होती. अन्न संपत आले तेव्हा ‘निरुपयोगी तोंडे’ असा हिशेब करून म्हातारीकोतारी, आजारी, गोरगरीब अशा हजारोंना तटाबाहेर काढले गेले. बाहेर शत्रू, मागे बंद दरवाजा. त्यांतील बहुतेकांचे काय झाले असेल ते सांगायला नको. एप्रिल १५५५ मध्ये सिएना शरण आले.

काही शेकडो कुटुंबे तरीही वाकली नाहीत. ती मोंताल्चिनो या डोंगरी गावात गेली आणि तेथे निर्वासितांचे प्रजासत्ताक १५५९ पर्यंत चालवले. इकडे स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५५७ मध्ये सिएना कोसिमोच्या हवाली केले होते. कोसिमोने शहराला लागून नवा किल्ला बांधला. त्याच्या तोफा कोणाच्या धाकासाठी होत्या, हे प्रत्येक सिएनावासी जाणून होता.

आता विचार करा. सैन्य गेले, परराष्ट्रनीती गेली, युद्ध करण्याचा अधिकार गेला. ज्या वैरावर तीन शतके शहराची ओळख उभी होती तो वैरीच धनी होऊन बसला. अशा वेळी एखादे शहर आपली उरलेली ईर्षा कोठे नेऊन ठेवते?

सिएनाने ती आपल्या गल्ल्यांत नेऊन ठेवली.

येथे ‘कोंत्रादा’ हा शब्द येतो. पुण्याच्या पेठा डोळ्यांपुढे आणा. पण अशी पेठ, जिला स्वतःचे चर्च, स्वतःचा पाण्याचा झरा, स्वतःचे निशाण, संग्रहालय, पागा आणि निवडून दिलेला प्रमुख आहे. कोंत्रादा म्हणजे मध्ययुगीन लष्करी तुकड्याच होत, असे वारंवार सांगितले जाते. हे जपूनच मानावे. लष्करी तुकड्या होत्या, त्यांची मोहल्लेवार रचनाही होती. पण प्राण्यांची चिन्हे मिरवणारे गट कागदपत्रांत दिसू लागतात ते पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि तेही लढाईत नव्हे तर उत्सवात. सोळाव्या शतकात काम्पो चौकात बैलांशी झुंजी होत. तेव्हा हे गट लाकडाचे भलेमोठे प्राणी बनवून चौकात आणत आणि बैल अंगावर आला की त्यांच्या आत आश्रय घेत. कासव, गोगलगाय, हंसिणी, साळिंदर ही चिन्हे या उत्सवी जगातून मोठी झाली.

१५९० च्या सुमारास बैलांच्या झुंजी बंद पडल्या. लोकांनी रेड्यांच्या शर्यती सुरू केल्या. ग्रँड ड्यूकच्या राज्यात तलवार उपसता येत नव्हती, पण रेडा पळवता येत होता. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रेड्यांची जागा घोड्यांनी घेतली. आता शर्यत रस्त्यातून सरळ नव्हती. ती प्रजासत्ताकाच्या चौकात, त्या नऊ भागांच्या शिंपल्याभोवती गोल होती. आणि धावत होते ते उमरावांचे घोडे नव्हेत, तर मोहल्ल्यांचे. १६५६ पासून जुलैची शर्यत नियमित झाली.

जुलैच्या तारखेमागे एक आख्यायिका आहे. प्रोव्हेन्झानो हा शहरातील बदनाम मोहल्ला. स्पॅनिश शिबंदीच्या दिवसांत एका शिपायाने तेथील मेरीच्या मातीच्या मूर्तीवर बंदूक झाडली. बंदूक फुटली आणि शिपाईच मेला, असे सांगतात. पुढे या मूर्तीची कीर्ती वाढली, तेथे मोठे चर्च उभे राहिले आणि २ जुलै हा तिचा दिवस ठरला. आख्यायिकेचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. एका जिंकलेल्या शहराने आपल्या मुख्य उत्सवासाठी कोणती कथा निवडली, हाच पुरावा पुरेसा आहे.

ऑगस्टची शर्यत १७०१ मध्ये सुरू झाली. जुलैत जिंकलेल्या हंसिणी कोंत्रादाने विजयाच्या भरात आणखी एक शर्यत भरवली, तिची ती सुरुवात.

आता एक गमतीदार वळण. या कोंत्रादांच्या हद्दींवरून सतत मारामाऱ्या होत. त्या मिटवल्या कोणी? फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याच्या विधवा सुनेने. बव्हेरियाची राजकन्या व्हिओलांते बेआत्रिचे ही तेव्हा सिएनाची राज्यपाल होती. १७२९ च्या तिच्या हुकूमनाम्याने गल्ली-गल्ली, वाडा-वाडा नेमून कोंत्रादांच्या सीमा आखल्या आणि त्यांची संख्या सतरा ठरवली. मेदिची घराणे त्यानंतर दहा वर्षांच्या आतच संपले. तिने आखलेल्या रेषा मात्र आजही पाळल्या जातात. सहा जुन्या कोंत्रादा काळाच्या ओघात नाहीशा झाल्या; मिरवणुकीत त्यांच्या नावाने सहा स्वार येतात, शिरस्त्राणाची झडप खाली ओढून, चेहरा झाकून.

शर्यतीचे नियम नीट पाहिले तर त्यांत घोडेस्वारीपेक्षा राजकारण अधिक सापडते. चौक लहान म्हणून १७२१ च्या नियमावलीपासून एका वेळी दहाच घोडे धावतात. मागच्या वर्षी त्या महिन्यात ज्या सात कोंत्रादांना संधी मिळाली नाही त्या हक्काने, आणि उरलेल्या तीन चिठ्ठ्या टाकून. घोडासुद्धा चिठ्ठीनेच मिळतो. शर्यतीपूर्वी तीन दिवस कप्तान एकत्र बसून साधारण सारख्या वकुबाचे दहा घोडे निवडतात. मग चौकात हजारो लोकांसमोर चिठ्ठ्या निघतात. कोणाच्या वाट्याला पाणीदार जनावर येते, कोणाच्या वाट्याला नवखे. बदलून मिळत नाही. घोडा लंगडला तर दुसरा नाही. ती कोंत्रादा त्या वर्षीच्या शर्यतीतून बाद. श्रीमंत मोहल्ल्याने पैसे ओतून विजय विकत घ्यावा, याला येथे पहिला अटकाव आहे.

घोडा ताब्यात आला की तो गल्लीचा लाडका होतो. त्याचा मोतद्दार पागेतच झोपतो. शर्यतीच्या दिवशी दुपारी घोड्याला चक्क कोंत्रादाच्या चर्चमध्ये नेतात आणि धर्मगुरू त्याला आशीर्वाद देऊन ‘जा आणि विजयी होऊन ये’ असे सांगतो. त्या वेळी घोड्याने चर्चमध्ये लीद टाकली तर तो शुभशकुन मानतात. या श्रद्धेपुढे सारा धर्मशास्त्रविचार थिटा पडतो, हे मान्य करावे लागेल.

स्वाराचे मात्र उलट. तो भाडोत्री असतो, बहुधा सार्डिनिया बेटावरचा किंवा तशाच कोठल्या परगावचा. त्याच्यावर प्रेम केले जाते, पण विश्वास कोणी ठेवत नाही. शर्यतीपूर्वी त्याच्यावर पहारासुद्धा असतो. कारण येथे सौदे राजरोस चालतात. ‘पार्तिती’ म्हणजे कोंत्रादांमधील गुप्त करार: तू मला वाट दे, मी जिंकलो तर इतके देईन, किंवा, मला जिंकता आले नाही तरी चालेल, पण माझ्या वैऱ्याला अडव. इतर शर्यतींत याला लबाडी म्हणतील. येथे ती मुत्सद्देगिरी आहे. सिएनाकडून तह करण्याचा अधिकार १५५५ मध्ये हिरावला गेला; कोंत्रादांचे कप्तान तो दरवर्षी दोनदा बजावतात.

वैरे ठरलेली आहेत. हंसिणीचे मनोऱ्याशी, लांडगीचे साळिंदराशी, गोगलगाईचे कासवाशी, गरुडाचे बिबट्याशी. आपण जिंकावे हे पहिले सुख. वैरी हरावा हे जवळजवळ तितकेच मोठे दुसरे. म्हणूनच पालिओत दुसरा क्रमांक ही मोठी नामुष्की. शेवटी येणारा निदान स्पर्धेत नव्हता; दुसरा येणारा हातातोंडाशी आलेला घास गमावून बसला. ज्या कोंत्रादाला सर्वांत जास्त वर्षे विजय मिळालेला नाही तिला ‘नोन्ना’, म्हणजे आजीबाई, म्हणून चिडवतात. मनोऱ्याची कोंत्रादा १९६१ नंतर थेट २००५ मध्ये जिंकली. चव्वेचाळीस वर्षे! या अवधीत जन्मलेली मुले मोठी झाली, संसाराला लागली, आणि त्यांनी विजय पाहिलेलाच नव्हता.

संध्याकाळ होते. विटांवर काही दिवस आधी पिवळसर माती अंथरून दाबून बसवलेली असते. मिरवणूक चौकाला वळसा घालते, मनोऱ्यावरची मोठी घंटा घुमत राहते, आणि सर्वांत शेवटी पांढऱ्या बैलांनी ओढलेला युद्धरथ येतो, मोंतापेर्तीच्या आठवणीचा. त्यावर ते निशाण असते: रंगवलेले रेशमी वस्त्र. सिएनाचे लोक लाडाने त्याला ‘चेंच्यो’, म्हणजे चिंधी, म्हणतात. या चिंधीसाठी एवढा आटापिटा का, हे जरीपटक्याचे मोल जाणणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मग घोडे दोन जाड दोरांच्या मध्ये उभे राहतात. कोणी कोणत्या जागी उभे राहायचे हेही चिठ्ठीने ठरते आणि अगदी शेवटच्या क्षणी पुकारले जाते. नऊ घोडे दोरांत. दहावा मागे मोकळा. तो दहावा स्वार जेव्हा आत शिरतो तेव्हाच शर्यत सुटते. म्हणजे क्षण निवडण्याची सत्ता त्याच्या हाती. आपला मित्र नीट उभा आहे का, वैऱ्याचा घोडा वळून बसला आहे का, हे पाहत तो थांबतो. कधी दहा मिनिटे, कधी तासभर. दोरांमध्ये स्वार एकमेकांशी कुजबुजत असतात. शेवटचे सौदे सर्वांच्या डोळ्यांदेखत होतात. अंधार पडला तर शर्यत दुसऱ्या दिवसावर जाते.

आणि दोर पडतो. सान मार्तिनोचे वळण उताराचे आणि काटकोनी; तेथे भिंतीला गाद्या लावलेल्या असतात. कासातोचे वळण चढाचे. स्वारांच्या हातात बैलाच्या वाळवलेल्या चामड्याचा दंडुका असतो. तो आपल्या घोड्यावर चालवता येतो, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर किंवा थेट दुसऱ्या स्वारावरही. स्वार पडला तरी हरकत नाही. जिंकतो तो घोडा. २० ऑक्टोबर २०१८ च्या विशेष पालिओत रेमोरेक्स नावाचा घोडा स्वाराविना पहिला आला, कासवासाठी. आणि १६ ऑगस्ट २०१९ ला त्याच घोड्याने पुन्हा तसेच केले, या वेळी अरण्याच्या कोंत्रादासाठी. चिठ्ठी बदलली की निष्ठा बदलते.

पण २०१८ च्या त्याच शर्यतीत जिराफ कोंत्रादाचा राओल हा घोडा पडला, जबर जखमी झाला आणि त्याला मारावे लागले. हे सांगितल्याशिवाय पालिओविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७० पासून पन्नासच्या आसपास घोडे या शर्यतीपायी मेले, असे प्राणिहक्क संघटना सांगतात. सिएनाचे उत्तर असे की आमच्याइतकी घोड्यावर माया कोणी करत नाही. माया खरी आहे. ती चर्चमध्ये दिसते, पागेत दिसते. परंतु मायेने हाड जुळत नाही.

‘परंपरा आहे, तिला हात लावू नका’ हे उत्तर मला मात्र पटत नाही, आणि कारण सिएनाच्याच इतिहासात आहे. बैल गेले, रेडे गेले, घोड्यांची संख्या घटवली, उमरावांची शर्यत मोहल्ल्यांची झाली. आज दिसणारे ‘मध्ययुगीन’ पोशाखही वेळोवेळी नव्याने शिवले गेले. त्यांतील एक मोठी फेररचना १९८१ ची. आता शुद्ध थरोब्रेड घोड्यांना प्रवेश नाही, कारण ते या वळणांसाठी फार नाजूक ठरतात. म्हणजे पालिओ टिकला तो बदलत राहूनच. सान मार्तिनोच्या वळणाविषयी पुढे काय ठरवायचे, हा प्रश्न त्याच्या वंशजांनी टाळावा असा त्यांचा पूर्वेतिहास तरी सांगत नाही.

पालिओ थांबला तो दोन महायुद्धांत, आणि २०२० व २०२१ मध्ये साथीमुळे. दुसरे महायुद्ध संपताच २० ऑगस्ट १९४५ ला ‘शांततेचा पालिओ’ भरवला गेला. ड्रॅगनचा घोडा जिंकला. हरलेल्या सुरवंट कोंत्रादाच्या लोकांनी संतापाने निशाणावरच झडप घातली आणि ते फाडले. शांततेचे निशाण! १९६९ मध्ये तर माणूस चंद्रावर उतरला म्हणून विशेष पालिओ झाला. सिएनाला जगाची दखल घ्यायची असली की ते चौकात माती टाकते.

जिंकलेली कोंत्रादा निशाण घेऊन थेट देवळाकडे धावते: जुलैत प्रोव्हेन्झानोला, ऑगस्टमध्ये कॅथेड्रलला. म्हातारी माणसे लहान मुलांसारखी रडतात. मिळकत म्हणावी तर काहीच नाही. उलट ठरलेल्या करारांचे पैसे चुकवायचे ते जिंकणाऱ्यानेच. उन्हाळा सरल्यावर विजयाची पंगत बसते, गल्लीभर लांब टेबले मांडून. हजारो पाने वाढली जातात. मानाच्या जागी घोडा उभा असतो, त्याच्यापुढे त्याची गव्हाण, आणि वक्त्यांची भाषणे चालू असताना तो शांतपणे आपला चारा खात राहतो.